फोन आधी कोणाच्या हातात?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. नाव होते, गाव लिहिलेले नव्हते, आणि आम्ही ते शोधायचाही प्रयत्न केला नाही. शोहर शारजात, लग्नाला सहा वर्षे, त्यातली एकत्र गेलेली जेमतेम आठ महिने. पत्रातली तक्रार शोहरची नव्हती, सासूचीही नव्हती. त्यांनी लिहिले होते, "फोन रोज येतो. घरातले सगळे बोलतात. माझ्या हातात येतो तेव्हा दोन मिनिटे उरलेली असतात, आणि तीही सर्वांच्या समोर. मी 'बरी आहे' म्हणते. सहा वर्षांत मी त्यांच्याशी 'बरी आहे' याच्या पलीकडे काही बोलले का, ते मला आठवत नाही."

पत्र वाचले आणि सावनेरमधली ओळखीची घरे डोळ्यांसमोर येऊ लागली. आपल्याकडून परदेशात गेलेली माणसे कोकणाइतकी नाहीत. रत्नागिरी-रायगडच्या काही गावांत घरटी एक माणूस बाहेर आहे, तसे इथे नाही. इथे मोहल्ल्यात पाच-दहा घरे. कोणाचा मुलगा एसीच्या कामावर, कोणाचा जावई ट्रेलरवर ड्रायव्हर, कोणी कोळसा खाणीत कंत्राटावर वेल्डिंग शिकून दोह्याला गेलेला. नागपूरहून शारजाला आणि दोह्याला थेट विमान मिळू लागल्यापासून मुंबईची फेरी टळली आणि जाणे सोपे झाले. पण घरे थोडी असल्यामुळे या घरांचे प्रश्न कोणी मोठ्याने बोलत नाही. कोकणात निदान शेजारणीही त्याच नावेत असतात. इथे शेजारीण म्हणते, "तुझं काय बाई, दुबईचा पैसा येतो," आणि विषय संपतो.

तर त्या दोन मिनिटांविषयी. ती दोन मिनिटे कुठून आली, हे आधी पाहायला हवे, कारण सासूबाईंना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

फोन हाताशी नव्हता तेव्हा पत्र होते, आणि पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत. वाचता न येणाऱ्या आईला ते मोहल्ल्यातला एखादा शिकलेला मुलगा वाचून दाखवी. म्हणजे बायकोसाठी लिहिलेली ओळही त्याच्याच तोंडून सगळ्या घराला कळे. मग टेपरेकॉर्डर आले आणि काही घरांत कॅसेट भरून पाठवायची रीत पडली. कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत दोन-चार घरांच्या कॅसेट. एका बाजूला आईचे बोलणे, दुसऱ्या बाजूला मुलांचा गोंगाट आणि मधेच बकरीचे ओरडणे. जुन्या लोकांना विचारा, त्या कॅसेटमध्ये जेवढे मनापासून बोलले जायचे तेवढे पुढे फोनवर कधी बोलले गेले नाही. कारण साधे होते. कॅसेटला घाई नव्हती.

परदेशी फोनची सोय उपग्रहाने वाढवली. भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ साली आपल्याच राज्यात, आर्वीला सुरू झाले. आर्वी म्हटले की आपल्याला वर्ध्याची आर्वी आठवते. ही ती नव्हे, ही पुणे जिल्ह्यातली, नारायणगावजवळची. परदेशी संपर्काचे काम पुढे १ एप्रिल १९८६ रोजी विदेश संचार निगमाकडे गेले. तरी सामान्य माणसाला परदेशी फोन म्हणजे कॉल नोंदवा, तासन् तास थांबा, आणि लागलाच तर ओरडून बोला, असाच प्रकार होता. सावनेरच्या माणसाला खरा फोन मिळाला तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओ बूथमध्ये. काचेची खोली, आत एक स्टूल, गरगरणारा छोटा पंखा आणि समोर लाल आकड्यांचे मीटर. आखातात बोलायला मिनिटाला पन्नास रुपये आणि त्याहून जास्त पडत. त्या काळी एवढ्यात घरातली दिवसाची भाजी, दूध, मटण निघायचे. म्हणून फोन लावायचा तो आधी कागदावर मुद्दे लिहून. पैसे मिळाले, बहिणीचा रिश्ता आला आहे, छताला पत्रे टाकायचे आहेत, अब्बांना बरे आहे. एवढ्यात तीन मिनिटे संपत.

अशा तीन मिनिटांत कोण बोलणार? अर्थात अम्मी. मुलाने आईचा आवाज ऐकायचा, आईने मुलाचा. सून बाहेर बाकावर बसलेली असे, मुलाला मांडीवर घेऊन. शेवटचे दहा-पंधरा सेकंद तिला रिसीव्हर मिळे. काचेबाहेर चार माणसे रांगेत, मीटरवरचे आकडे पळत आहेत, सासरे पैसे हातात धरून उभे आहेत. ती काय बोलणार? "बरी आहे. तब्येत सांभाळा. खुदा हाफिज."

म्हणजे तो क्रम फोनच्या दराने ठरवला होता. आधी बुजुर्ग, मग भाऊ, मग मुले, शेवटी बायको. त्या वेळी त्याला इलाजही नव्हता, आणि त्यात अदबही होती हे आम्ही मान्य करतो. पण पुढे दर पडला. ३१ मार्च २००२ ला परदेशी फोनवरची विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली, दुसऱ्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली, मग मोबाइल आले, मग स्वस्त डेटा आला. आज मीटर पळत नाही. बूथची काच गेली, स्टूल गेले, बाकही गेला. क्रम मात्र जसाच्या तसा राहिला. आता अम्मींचे बोलणे तीन मिनिटांत संपत नाही, चाळीस मिनिटे चालते. मग दीर येतो, नणंद माहेरी आली असेल तर ती येते, शेजारच्या खाला डोकावून सलाम करतात. तोवर तिकडे त्या माणसाचा जेवणाचा वेळ संपतो किंवा खोलीतल्यांची झोपायची वेळ होते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परदेशात असलेल्या माणसाने बायकोला तिच्या स्वतःच्या फोनवर, स्वतंत्र वेळी फोन करावा आणि हे त्याने स्वतः आपल्या आईला सांगावे. सुनेने सांगायचे ठेवले तर ते भांडण होते. मुलाने सांगितले तर ती घराची रीत होते. "अम्मी, मगरिबनंतर मी तुमच्याशी बोलेन, रात्री दहानंतर तिच्याशी." एवढे वाक्य पुरते. ज्या घरांत हे झाले तिथे सासू काही मरून गेली नाही. एका घरात तर सासूबाईच आम्हाला म्हणाल्या, "बरं झालं, रोज रोज मी तरी काय बोलू?"

काही घरांत सुनेच्या हातात फोन द्यायलाच विरोध असतो. कोणाशी बोलते, काय पाहते, असा संशय. आम्ही विचारतो, ज्या मुलीच्या भरवशावर म्हातारे आईबाप, दोन मुले आणि घराची किल्ली ठेवून माणूस तीन हजार किलोमीटर दूर गेला, तिच्यावर फोनपुरता भरवसा नाही? हजरत उमर रजिअल्लाहु अन्हु यांच्याविषयीची ती रिवायत आपल्याकडे बयानात अनेकदा सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून शोहरच्या विरहाचे शेर म्हणणारी स्त्री त्यांनी ऐकली, आपल्या मुलीला, हजरत हफसा यांना विचारले की स्त्री शोहरशिवाय किती काळ सबर करू शकते, आणि मग सैनिकांना ठराविक महिन्यांपेक्षा जास्त घरापासून दूर ठेवू नये असा हुकूम काढला. कुठे चार महिने सांगितले आहेत, कुठे सहा. तो हुकूम फौजेसाठी होता, नोकरीच्या व्हिसासाठी नव्हता, हे खरे. आज दोन वर्षांचा करार असतो आणि माणसाची मजबुरी असते. पण ज्या खलिफाने एका अनोळखी स्त्रीच्या एकटेपणाची दखल घेऊन फौजेचा नियम बदलला, त्याचे नाव घेणाऱ्या घरात सुनेला दहा मिनिटे एकांत मिळू नये, हे आम्हाला समजत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही बायको-शोहरपुरती नाही. आपण फोनवर खरे बोलत नाही.

"खैरियत?" "अल्हम्दुलिल्लाह." हे दोन शब्द दोन्हीकडून इतक्या सवयीने येतात की त्यांच्यामागे काय आहे ते कोणी पाहत नाही. तिकडे मुलाचा तीन महिन्यांचा पगार अडकलेला असतो, इकडे आईची शुगर साडेतीनशे झालेली असते. तो म्हणतो अम्मीला टेन्शन नको, अम्मी म्हणते पोराला टेन्शन नको. दोघेही प्रेमापोटी खोटे बोलतात. मग पगार अडकलेला मुलगा मित्राकडून उसने घेऊन पैसे पाठवतो, कारण घरी सांगायचे नाही. आणि त्या उसन्या पैशांतून घरी पंखे, गाद्या, बहिणीच्या सासरी ईदी. घराला माहीतच नसते की आपण कर्ज खातो आहोत. आम्ही पाहिलेल्या एका घरात ही गोष्ट तब्बल वर्षभराने उघडी झाली, मुलगा सुट्टीवर आला तेव्हा. आई एवढेच म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी दाराला नवा रंग लावला नसता."

लपवण्याचा सर्वांत वाईट प्रकार आजार आणि मौतीचा. गेल्या काही वर्षांत एक नवीनच गोष्ट सुरू झाली आहे. अब्बा पडले, नागपूरला मेडिकलला हलवले, घरचे ठरवतात की मुलाला उद्या सांगू. पण मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी नाव लिहून "दुआ की दरख्वास्त" टाकतो. दहा मिनिटांत कोणाचा तरी चुलतभाऊ ते शारजाला पाठवतो. मुलगा कामाच्या जागी उभा, हातात ड्रिल मशीन, आणि मोबाइलवर स्वतःच्या बापाचे नाव. एका घरात तर 'इन्ना लिल्लाहि' वाचून मुलाला कळले. तो फोन करत राहिला आणि घरी कोणी उचलेना, कारण सगळे मय्यतीच्या तयारीत. त्या मुलाने पुढे आम्हाला सांगितले की अब्बा गेल्याचे दुःख सोसले. पण आपण घरचे नव्हतो असे त्या अर्ध्या तासात वाटले, ते अजून जात नाही.

म्हणून ग्रुपवर लिहिणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ज्या घराचा माणूस बाहेर आहे त्या घराची मौत-मयत ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, "मुलाला कळवले का?" अर्ध्या तासाने लिहिले तर जनाजा काही चुकत नाही. आणि घरच्यांनी हे काम एका माणसावर सोपवून ठेवावे. मामा असोत, मोठा भाऊ असो, कोणीही, पण ठरलेला. त्याने आधी मुलाच्या खोलीतल्या मित्राला फोन करावा, मुलगा काम करत असेल तर त्याला बाजूला बसवायला सांगावे, मग मुलाला.

मय्यतीत उशीर करू नये हे आपल्याला शिकवलेले आहे, त्यामुळे परदेशातला मुलगा बहुतेक वेळा पोहोचत नाही. नागपूरला उतरून सावनेरला यायला तासभराहून जास्त लागतोच, तिकीट आणि कंपनीची परवानगी वेगळीच. करोनाच्या काळात तर येण्याचा प्रश्नच नव्हता. कितीतरी मुलांनी बापाचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. काहींना ते गैर वाटते. शरई बाजू आपापल्या आलिमांना विचारावी. आम्ही एवढेच म्हणू की मुलाला विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नका आणि विचारल्याशिवाय बंदही करू नका. एकाला पाहायचे असते, दुसऱ्याला बापाचा हसरा चेहराच लक्षात ठेवायचा असतो.

फोन न लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी १९९० साली पाहिले ते आजही विसरलेले नाहीत. २ ऑगस्टला इराकी फौज कुवेतमध्ये घुसली आणि तिथल्या माणसांशी घरच्यांचा संपर्क तुटला. पुढच्या दोनेक महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीयांना बहुतांश जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. पण माणूस प्रत्यक्ष दारात उभा राहीपर्यंत अनेक घरांना तो जिवंत आहे का, हेही ठाऊक नव्हते. त्या वेळी फोनच नव्हता, असे आपण म्हणू. पण १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता. तरी आपला माणूस फोन उचलत नाही म्हटल्यावर पुढे कोणाला विचारायचे, हे कितीशा घरांना सांगता आले असते?

तुमच्या घरात आज विचारून पाहा. मुलगा कोणत्या कंपनीत आहे? "दुबईच्या कंपनीत." कंपनीचे नाव? "काहीतरी अल-अल आहे." राहतो कुठे? "कॅम्पमध्ये." त्याच्या सोबत्याचा नंबर? नाही. पासपोर्टची झेरॉक्स? त्याच्याकडेच. रोज तासभर बोलणाऱ्या घरांची ही अवस्था आहे. उद्याच्या फोनवर बाकी गप्पा राहू द्या आणि एवढे लिहून घ्या: कंपनीचे पूर्ण नाव, राहण्याच्या जागेचा पत्ता, खोलीतल्या दोन मित्रांचे नंबर, पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो. कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फोनमध्ये ठेवून भागत नाही. फोन हरवतो, फुटतो, त्याची बॅटरी नेमकी त्या दिवशी संपते. त्याच कागदावर परदेशातल्या भारतीयांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा मोफत नंबर लिहा, १८०० ११ ३०९०. आणि 'मदद' हे नाव. परराष्ट्र मंत्रालयाचे हे पोर्टल आहे. पगार अडकणे, पासपोर्ट काढून घेणे, माणसाचा पत्ता न लागणे, मय्यत आणणे, अशा तक्रारी तिथे घरबसल्या नोंदवता येतात. तक्रारीचा नंबर मिळतो आणि ती कुठपर्यंत आली हे पाहता येते. दूतावासात ओळख असावी लागते, हा गैरसमज आहे.

फोन लागत नाही याचे दुसरे कारण मात्र साधे आहे आणि त्यावरून घरात उगाच रुसवे होतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून लिहिलेला निरोप जातो, फोटो जातो, बोलून भरलेला आवाजही जातो, पण थेट कॉल होत नाही. तिथल्या सरकारने परवाना दिलेलीच ॲप चालतात. आपल्या लोकांत बोटिम जास्त दिसते. सौदी अरेबियाने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी सैल केली, अमिरातीने केली नाही. मग इकडून कोणीतरी शहाणा सुचवतो, "व्हीपीएन टाक ना." कृपा करून असे सुचवू नका. तिथल्या कायद्यात व्हीपीएन वापरून गुन्हा करणाऱ्याला किमान ५ लाख दिरहमचा दंड लिहिलेला आहे. आपल्या मुलाचा आयुष्यभराचा पगार त्यात जाईल. त्यापेक्षा व्हॉइस मेसेज बरा. खरे सांगायचे तर आम्हाला व्हॉइस मेसेजमध्ये ती जुनी कॅसेटच परत आलेली दिसते. घाई नाही, समोर कोणी उभे नाही, पाच मिनिटे बोलून पाठवावे आणि त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावर ऐकावे. ज्या भगिनींना घरात अजून स्वतंत्र वेळ मिळत नाही त्यांनी निदान इथून सुरुवात करावी.

वेळेचेही बघायला हवे. अमिराती आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सौदी, कतार, कुवेत अडीच तास. आपण इशानंतर जेवून निवांत फोन लावतो तेव्हा रियाधमधला माणूस बसमधून नुकता खोलीवर पोहोचलेला असतो, अंगावर सिमेंट, पोटात भूक. त्याचा आवाज तुटक येतो आणि इकडे वाटते, बदलला हा. १५ जून ते १५ सप्टेंबर अमिरातीत उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी साडेबारा ते तीन काम करू देत नाहीत, म्हणजे आपल्याकडचे दोन ते साडेचार. घरातली कामे आटोपलेली, मुले शाळेत. बायकोशी बोलायला याहून बरी वेळ कोणती? शुक्रवारचेही लक्षात घ्या. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी गेली आणि शुक्रवार अर्धा झाला, त्यामुळे जुमाच्या दुपारी फोन येईलच ही जुनी खात्री आता धरू नये.

निकाहविषयी दोन वाचकांनी विचारले आहे, कारण सुट्टी मिळत नाही म्हणून फोनवर निकाह लावण्याचे प्रकार ऐकू येतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मार्च १९९० मध्ये नव्या साधनांवरून होणाऱ्या करारांविषयी ठराव केला. व्यवहाराचे करार फोनवरून होऊ शकतात असे मानताना निकाह मात्र वेगळा काढला, कारण त्याला साक्षीदार लागतात. यावर मार्ग आहे आणि तो जुना आहे: मुलाने फोनवरून किंवा लिहून इथल्या कोणाला तरी आपला वकील नेमायचे, आणि त्या वकिलाने मजलिसमध्ये, साक्षीदारांसमोर कबूल करायचे. काझीसाहेबांशी आधी बोलून घ्या, ऐन मांडवात मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका. आणि फोनवरून किंवा मेसेजवरून एका दमात तीन तलाक दिल्याचे सांगून कोणी मुलीला माहेरी धाडत असेल, तर २०१९ च्या कायद्याने असा तलाक लिहून, बोलून, इलेक्ट्रॉनिक साधनाने, कसाही दिला तरी रद्दबातल आहे आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, ते असोत. मुलीच्या बापाला तो माहीत असला पाहिजे.

फसवणुकीचे फोन वाढले आहेत. "तुमचा मुलगा इथे पोलिसांनी पकडला आहे, ताबडतोब पैसे पाठवा." मागे रडण्याचा आवाज. आई घाबरते आणि शेजारच्या मुलाला पैसे पाठवायला सांगते. यावर एका घराने काढलेली तोड आम्हाला आवडली. त्यांनी घरातली एक खूण ठरवली आहे: ज्या वर्षी मुलगा गेला त्या वर्षीच्या बकरीचे नाव. जो ते सांगू शकत नाही, तो आपला नाही. फोन ठेवून मुलाला आपण स्वतः फोन लावायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवायचे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मुलांविषयी लिहायचे राहिले. बाहेर असलेल्या बापाचा घरात सर्वांत जास्त उपयोग कशासाठी होतो माहीत आहे? धमकीसाठी. "थांब, अब्बांचा फोन येऊ दे, सांगतेच." मग फोन येतो, तक्रारी होतात, आणि बाप तिकडून तेवढ्यातच रागावून घेतो, त्याच्या हातात दुसरे काही नसते. काही दिवसांनी फोन वाजला की मूल गच्चीवर पळते. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने हे ओळखले. रियाधमध्ये असतो, मुलगा तिसरीत. त्याने बायकोला सांगितले की तक्रारी तुझ्या फोनवर मला एकट्याला सांग, त्याच्या फोनवर नको. आता शुक्रवारी मुलगा त्याला मदरशातला सबक ऐकवतो आणि मग शाळेच्या वहीतले गणित कॅमेऱ्यासमोर धरतो. बापाचे शिक्षण सातवीपर्यंत. भागाकार त्याला जमत नाही, तेव्हा मुलगा त्याला समजावून सांगतो.